चार दारे, एक चालक

मागच्या आसनावर आई-वडील ऐसपैस बसले पाहिजेत, डिकीत चार जणांच्या बॅगा मावल्या पाहिजेत, सोमवारी सकाळच्या गर्दीत गाडीने कुरकुर करता कामा नये; आणि तीच गाडी, त्याच टायरवर, रिकाम्या घाटात एकट्या चालकाच्या हाती आली की शर्यतीच्या गाडीशी नाते सांगणारी वागली पाहिजे. स्पोर्ट सेडानकडून गेली सहा-सात दशके एवढी अपेक्षा ठेवली जाते आहे, आणि ती जराशी अन्यायाचीच आहे. दोन आसनी स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या अभियंत्याला इंजिन मध्यभागी ठेवता येते, छप्पर कंबरेएवढे खाली आणता येते, सामानाची जागा विसरता येते. सेडानच्या अभियंत्याला यातले काहीच करता येत नाही. गाडीची उंची ठरलेली, दारे चार, वजन वाढत जाणारे, आणि गिऱ्हाईक एकाच वेळी आरामही मागणारे आणि थरारही. या प्रकारातल्या गाड्यांमध्ये जे काही खरोखर चांगले आहे ते या अडचणींमधूनच आले आहे, असे माझे मत आहे. ते मान्य केले तर पुढचा निष्कर्षही मान्य करावा लागतो: अश्वशक्ती आणि शून्य ते शंभरचा वेळ हे या गाडीचे खरे मोजमाप होऊ शकत नाही. ते मोजायचे तर नेहमीच्या वेगात, नेहमीच्या रस्त्यावर, आणि काही वर्षे सांभाळून मोजावे लागते. हे पुस्तक त्या मोजमापासाठी लिहिले गेले आहे.

या प्रकाराचा जन्मदाखला शोधत गेले तर तीन-चार गावे हक्क सांगतात. मिलानच्या आल्फा रोमिओने १९५० मध्ये १९०० ही सेडान आणली आणि कुटुंबाची गाडी शर्यतीही जिंकते अशी तिची जाहिरात केली; १९६२ च्या जुलिया टीआयमध्ये १.६ लिटरचे डबल कॅमशाफ्टचे इंजिन आणि पाच गिअर होते, जे त्या काळी भल्याभल्या स्पोर्ट्स कारच्याही नशिबी नव्हते. इंग्लंडमध्ये १९५९ ची जॅग्वार मार्क २ आली. तिचे ३.८ लिटरचे इंजिन इतके तगडे होते की दरोडेखोर आणि त्यांच्या मागावरचे पोलीस दोघेही तीच गाडी पसंत करत. १९६३ ची लोटस कॉर्टिना तर फोर्डच्या साध्या घरगुती गाडीचा शर्यतीचा अवतार. जिम क्लार्कने १९६४ ची ब्रिटिश सलून कार स्पर्धा तिच्यावर जिंकली. पण या सगळ्या गाड्या सुट्या चमत्कारांसारख्या आहेत. एका कल्पनेवर पिढ्यान्‌पिढ्या काम करत राहणे, चुका सुधारत राहणे आणि त्यातून एक घराणे उभे करणे, हे म्युनिकमध्ये घडले. घडले तेही जिवावर बेतल्यामुळे.

१९५९ च्या डिसेंबरमध्ये बीएमडब्ल्यूची वार्षिक सभा झाली तेव्हा कंपनी डाइमलर-बेन्झला विकण्याचा प्रस्ताव मांडला गेला होता. एका टोकाला अवाढव्य, महागड्या गाड्या आणि दुसऱ्या टोकाला इसेटासारखी अंड्याच्या आकाराची चिमुकली गाडी. मधल्या वर्गासाठी कंपनीकडे विकायला काहीच नव्हते. छोट्या भागधारकांनी विरोध केला, उद्योगपती हर्बर्ट क्वांट यांनी आपला पैसा ओतला, आणि १९६१ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात १५०० ही नवी सेडान उभी राहिली. नोये क्लासे, म्हणजे नवा वर्ग, हे त्या मालिकेचे नाव. आलेक्स फॉन फाल्केनहाउझेन यांनी तिच्यासाठी चार सिलिंडरचे इंजिन रचले, ते पुढे वाढवता येईल अशी जागा ठेवून. पहिल्या गाडीत त्यातून ८० अश्वशक्ती निघत होती. त्याच इंजिन ब्लॉकवर आधारलेल्या टर्बो इंजिनाने १९८३ मध्ये नेल्सन पिके यांना फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद मिळवून दिले. बाजारात जाणाऱ्या चार दारांच्या गाडीसाठी ओतलेल्या लोखंडाने एवढी मजल मारावी, ही गोष्ट या प्रकाराच्या इतिहासात पुन्हापुन्हा आठवावी अशी आहे. पण १५०० चे महत्त्व इंजिनात जेवढे तेवढेच चाकांत. पुढे डिस्क ब्रेक, आणि मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. एक चाक खड्ड्यात गेले तर दुसऱ्याने बिथरायचे नाही. चार माणसांना आराम देण्यासाठी जे केले त्यानेच गाडी वळणावर रस्ता धरून राहू लागली.

या घराण्यातली सर्वांत प्रसिद्ध गाडी, १९६८ ची २००२, काटेकोरपणे पाहता दोन दारांची. तरीही तिला वगळता येत नाही. लहान बॉडीत दोन लिटरचे इंजिन बसवण्याची कल्पना कंपनीतल्या दोन वरिष्ठांना एकमेकांच्या नकळत सुचली आणि दोघांनीही आपापल्या गाडीत ते बसवून घेतले होते, असे सांगतात. त्यातले एक अर्थातच फाल्केनहाउझेन. अमेरिकेतले आयातदार मॅक्स हॉफमन यांना तेव्हा वेगळ्याच कारणाने अशी गाडी हवी होती: दोन कार्बुरेटरचे जोरकस १६०० इंजिन तिथल्या धुराच्या नियमांत बसत नव्हते, मोठे आणि शांत इंजिन मात्र बसणार होते. म्हणजे नियमाची अडचण झाली आणि तिच्यातून अभिजात गाडी निघाली. २००२ ला १०० अश्वशक्ती होती आणि वजन एका टनाच्या आसपास. आजच्या मध्यम हॅचबॅकलाही हे आकडे जड जाणार नाहीत. तरी पन्नास वर्षांनंतरही चालवणारे तिचे नाव काढतात, कारण तिची मजा ताशी साठ किलोमीटरलाही मिळते.

श्टुटगार्टची रीत वेगळी. मर्सिडीझच्या एरिक वाक्सेनबेर्गर यांनी ६०० या राजेशाही लिमोझिनचे ६.३ लिटरचे व्ही-८ इंजिन त्याहून लहान सेडानमध्ये बसवले, आणि १९६८ मध्ये ३०० एसईएल ६.३ बाजारात आली. बाहेरून पाहिले तर बँकेच्या संचालकाची गाडी, वेग ताशी २२० किलोमीटर. एएमजी या तेव्हाच्या छोट्या कंपनीने हीच गाडी आणखी फुगवून १९७१ मध्ये स्पाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर आणली. म्युनिकची गाडी चालकाला कामाला लावते, श्टुटगार्टची त्याला ताकदीच्या लाटेवर बसवून नेते. दोन्हींचे भक्त एकमेकांना नावे ठेवत आले आहेत आणि तो वाद मिटू नये हेच बरे. पुढे ऑडीने तिसरी वाट काढली. १९८० च्या क्वाट्रोने चारही चाकांना ताकद देण्याची पद्धत रस्त्यावर आणि रॅलीत रुजवली आणि १९९० व १९९१ मध्ये व्ही-८ क्वाट्रो या चांगल्याच जाडजूड सेडानने जर्मन टूरिंग कार स्पर्धा जिंकली. या शाळेचा गुण पावसात दिसतो. दोषही रचनेतच आहे: इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे लटकलेले, त्यामुळे नाक जड, आणि वळणात जोरात शिरल्यावर गाडी बाहेर सरकू पाहते. ऑडीचे अभियंते अनेक वर्षे स्वतःच्याच या निर्णयाशी झगडत आहेत.

ऐंशीच्या दशकात या घराण्यांना सर्वांत मोठा धक्का दिला तो शर्यतीच्या नियमपुस्तकाने. ग्रुप ए मध्ये उतरायचे तर त्या गाडीच्या बारा महिन्यांत किमान ५,००० प्रती बनवल्या पाहिजेत, असा नियम होता. म्हणजे जिंकण्यासाठी जे हवे ते सामान्य गिऱ्हाइकालाही विकणे भाग पडले. कॉसवर्थ या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने घडवलेले सिलिंडर हेड असलेली मर्सिडीझ १९० ई २.३-१६ यातूनच आली. नव्या न्युर्बुर्गरिंगच्या उद्घाटनाला, मे १९८४ मध्ये, अनेक माजी विश्वविजेत्यांना हीच गाडी देऊन शर्यत लावली गेली आणि ती जिंकली आयर्टन सेना या तरुणाने, ज्याच्या नावावर तोवर फॉर्म्युला वनचा एकही विजय नव्हता. पाठोपाठ बीएमडब्ल्यूची पहिली एम ३ आली. जपानने हा धडा आधीच गिरवला होता. प्रिन्स कंपनीने १९६४ मध्ये सहा सिलिंडरचे इंजिन मावावे म्हणून स्कायलाइनचे नाक लांबवले होते, आणि १९६९ ची पहिली स्कायलाइन जीटी-आर चार दारांचीच होती. नव्वदच्या दशकातल्या लान्सर इव्होल्यूशन आणि इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स या रॅलीच्या चिखलातून थेट घराच्या पार्किंगमध्ये आलेल्या सेडान. अमेरिका उशिरा आली, पण कॅडिलॅकने सीटी५-व्ही ब्लॅकविंगमध्ये सुपरचार्ज्ड व्ही-८ सोबत आजही मॅन्युअल गिअरबॉक्स देऊन जर्मनांना लाजवले आहे.

या सगळ्या शाळांना जोडणारे सूत्र स्प्रिंग आणि डँपरमध्ये आहे, आणि नवख्या वाचकाने सर्वांत जास्त वेळ तिथे द्यावा. गाडी वळणात कलू नये म्हणून स्प्रिंग कडक करणे हा सोपा मार्ग. कोणताही गल्लीतला मेकॅनिक ते करून देईल. पण कडक स्प्रिंगची गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारते, टायर क्षणभर हवेत जातो, आणि हवेतला टायर ना ब्रेक लावू शकतो ना वळू शकतो. म्हणून चांगला अभियंता आधी बॉडीचा सांगाडा भक्कम करतो. सांगाडा पिळवटत नसेल तर स्प्रिंग मऊ ठेवता येते आणि हालचाल रोखण्याचे काम डँपरवर सोपवता येते. चाक, ब्रेक आणि त्यांना धरणारे दांडे हलके असतील तर डँपरचे काम आणखी सोपे होते. १९९५ च्या बीएमडब्ल्यू ५ सिरीजमध्ये सस्पेन्शनसाठी सढळ हाताने ॲल्युमिनियम वापरले गेले ते याचसाठी. तीन वर्षांनी त्याच बॉडीत ४०० अश्वशक्तीचे व्ही-८ आणि फक्त मॅन्युअल गिअरबॉक्स घालून एम ५ बनली. तिला अनेक जण या प्रकाराचा कळस मानतात. मीही मानतो, इंजिनापेक्षा तिच्या चालीसाठी. ती खड्ड्यावरून जाताना सैल पडत नाही आणि अंगावरही येत नाही. तालमीतल्या मुरलेल्या पैलवानासारखी, अंग ढिले पण तोल पक्का.

आता आपल्याकडे येऊ. १९९५ पासून पुण्यात टेल्कोच्या आवारात जोडली जाऊ लागलेली पहिली भारतीय मर्सिडीझ डब्ल्यू १२४ या पिढीची होती. याच पिढीची ५०० ई ही गाडी जर्मनीत इतकी रुंद झाली की मर्सिडीझच्या नेहमीच्या जोडणीच्या रांगेत ती मावेना आणि तिचे काम पोर्शच्या कारखान्यात करून घ्यावे लागले. पुण्यातल्या गाड्या मात्र मागे बसणाऱ्या मालकांसाठी होत्या. भारतात महागडी सेडान बहुतेक वेळा मागच्या आसनावरूनच विकत घेतली गेली आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे १५० मर्सिडीझ एकाच वेळी घेतल्या, ६५ कोटींच्या घरातला व्यवहार. जर्मन कंपनीला मराठवाड्याची दखल घ्यायला लावणारा तो प्रसंग अभिमानाचा होताच, पण त्यात चाक हाती धरण्याच्या आनंदाचा भाग किती होता हा प्रश्न उरतो. कंपन्यांनीही इथला ओढा ओळखला. मर्सिडीझने २०१७ पासून ई-क्लास लांब व्हीलबेसमध्ये दिली, बीएमडब्ल्यूने २०२१ मध्ये ११० मिलिमीटरने लांबवलेली ३ सिरीज आणली. गंमत म्हणजे त्याच वर्षी बीएमडब्ल्यूने चेन्नईत एम३४०आय जोडायला घेतली: न लांबवलेली, सरळ सहा सिलिंडर, ३८७ अश्वशक्ती. एकाच दालनात मालकासाठी एक गाडी आणि चालकासाठी दुसरी. पण मराठी मध्यमवर्गाला या चवीची ओळख करून दिली ती औरंगाबादजवळच्या शेंद्र्यातून निघणाऱ्या स्कोडा ऑक्टाव्हियाने. २००४ च्या सुमारास आलेली तिची आरएस आवृत्ती १.८ लिटर टर्बो आणि १५० अश्वशक्तीची होती. आज हे आकडे किरकोळ वाटतात. भारतीय रस्त्यावरच्या हौशी चालकांची एक अख्खी पिढी मात्र त्या गाडीवर घडली.

इथे आक्षेप सुरू होतात, आणि ते पोकळ नाहीत. आपल्या रस्त्यांवर अशी गाडी कशाला, हा पहिला. खड्डे, नियमाबाहेरचे गतिरोधक आणि चाकाखाली येणारा मुरूम पाहता कमी ग्राउंड क्लिअरन्सची गाडी घेणे हा शहाणपणा नाही, असे म्हणणाऱ्याला मी पूर्ण खोडून काढू शकत नाही. पण उंच एसयूव्ही हे त्याचे उत्तर नाही. उंच गाडीचा गुरुत्वमध्यही उंच असतो; तिला कलण्यापासून रोखायला स्प्रिंग कडक करावी लागते, आणि मग ज्या आरामासाठी ती घेतली तोच कमी होतो. बारीक कडेचे मोठे टायर हा खरा शत्रू आहे, आणि तो दोन्ही प्रकारांत सारखाच घुसला आहे. दुसरा आक्षेप गंभीर आहे: अशा गाड्या माणसाला वेगाच्या मोहात पाडतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, कारसाठी मर्यादा ताशी १२० ची, आणि तिथले अपघात सगळ्यांनी वाचले आहेत. ज्या गाडीला शंभरचा वेग साडेचार सेकंदांच्या आत मिळतो ती सार्वजनिक रस्त्यावर पूर्णपणे अनुभवणे म्हणजे कायदा मोडणे, यात शंका नको. या पुस्तकाची भूमिका स्पष्ट आहे: ज्याला गाडीची सीमा पाहायची असेल त्याने चेन्नईजवळच्या, कोइमतूरच्या किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर जावे. पण हाच आक्षेप माझ्या मूळ म्हणण्याला बळ देतो. गाडीची मजा फक्त ताशी दोनशेला येत असेल तर ती गाडी सेडान म्हणून फसलेली आहे.

तिसरा आक्षेप विजेचा. आज एखादी साधी दिसणारी इलेक्ट्रिक सेडान जुन्या एम ५ ला सिग्नलवर मागे टाकते, मग या पेट्रोलच्या परंपरेचे कौतुक कशाला? कारण ताकद स्वस्त झाली म्हणूनच बाकीच्या गुणांची किंमत उघड झाली आहे. १९८५ च्या पहिल्या एम ५ ला २८६ अश्वशक्ती होती आणि वजन दीड टनाच्या आत. २०२४ च्या हायब्रिड एम ५ ला ७२७ अश्वशक्ती आहे आणि वजन २,४०० किलोच्या वर. ताकद अडीच पट झाली, पण दीड टनाच्या आतली गाडी वळणात शिरताना हाताला जे सांगते ते अडीच टनाच्या जवळ गेलेली गाडी संगणकाच्या मदतीशिवाय सांगू शकत नाही. मर्सिडीझने २०२२ च्या सी ६३ मध्ये व्ही-८ काढून चार सिलिंडरचे हायब्रिड दिले. अश्वशक्ती वाढून ६८० झाली आणि चाहते तरीही दूर गेले. त्यांना हळवे, जुनाट म्हणणे सोपे आहे. ते एवढेच सांगत होते की आकडा वाढला आणि गाडी त्यांच्या हातून निसटली. इलेक्ट्रिक गाडीत ही जवळीक येऊ शकत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. बॅटरी तळाशी असल्याने तिचा गुरुत्वमध्य खाली असतो आणि मोटारची ताकद चाकागणिक मोजून देता येते. वजनाचा प्रश्न सुटला तर पुढची मोठी स्पोर्ट सेडान तिकडूनच येईल.

मालकीबद्दल बोलताना बहुतेक पुस्तके हप्ता आणि मायलेजपाशी थांबतात. या गाड्यांचे खरे अर्थशास्त्र वॉरंटी संपल्यावर सुरू होते. शीतकरणाचे प्लास्टिक भाग आणि सस्पेन्शनचे रबरी बुश झिजण्यासाठीच असतात. ते वेळेवर बदलले तर गाडी पुन्हा पहिल्यासारखी चालते, पुढे ढकलले तर खर्च दुप्पट होऊन परत येतो. थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांत झडपांवर कार्बन साचतो, तो साफ करावा लागतो. रनफ्लॅट टायरमुळे स्टेपनीची जागा वाचते, पण त्यांच्या ताठ कडा अभियंत्याने कष्टाने कमावलेली मऊ चाल खाऊन टाकतात. पाच-सात वर्षे जुनी गाडी मूळ किमतीच्या अर्ध्याहूनही कमी पैशांत मिळते आणि तिची सर्व्हिस हिस्ट्री तिच्या रंगापेक्षा महत्त्वाची असते. इंजिन रिमॅप करून पन्नास अश्वशक्ती वाढवण्याचा मोह होतोच. पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याच्या मूळ रचनेत बदल केलेल्या गाड्यांबाबत कडक भूमिका घेतली आहे, आणि विमा कंपन्यांना ती चांगलीच ठाऊक आहे. या सगळ्याला कटकट म्हणता येईल. मला हा आनंदाचाच भाग वाटतो, कारण गाडी कशाने बरी चालते हे कळले की ती चालवण्याची समजही वाढते.

हे सगळे आताच लिहिण्याची निकड अशी की हा प्रकार डोळ्यांदेखत आक्रसतो आहे. जॅग्वारने २०२४ मध्ये आपल्या पेट्रोल-डिझेल सेडान थांबवल्या, फोर्डने त्याआधीच अमेरिकेत सेडानमधून अंग काढले, लान्सर इव्होल्यूशन तर कधीच गेली. बीएमडब्ल्यूने नोये क्लासे हे जुने नाव नव्या इलेक्ट्रिक मालिकेला दिले, आणि त्या नावाखाली २०२५ मध्ये पहिली उभी राहिली ती एसयूव्ही. अशा वेळी मराठीत या विषयावर सलग, विचारपूर्वक लिहिलेले फारसे सापडत नाही. जे आहे ते गाडी बाजारात आल्याच्या आठवड्यातले परीक्षण असते. पुढच्या पानांत घराण्यांचा इतिहास आहे, पण तो आजची गाडी समजून घेण्यापुरता. तांत्रिक भाग गणिताशिवाय लिहिले आहेत आणि जिथे दोन अभियांत्रिकी मते आहेत तिथे दोन्ही दिली आहेत. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत, कर बदलला की त्या खोट्या ठरतात. वाचकाच्या दाराशी स्पोर्ट सेडान असलीच पाहिजे अशी अट नाही. ज्याच्याकडे साधी, जुनी, मॅन्युअल सेडान आहे त्याने सस्पेन्शनच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि टायरमधली हवा तपासून पुढच्या रविवारी ओळखीच्याच रस्त्यावर निघावे.